तुझ्या उपग्रहांच्या पॅनेलांचा हेवा

वने,

तू गेल्याचा फोन सुरेशने केला तेव्हा मी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये होते. मुलांना घरगुती वायरिंगचा बोर्ड जोडायला दिला होता. "कुंदाताई, वनिता गेली," एवढंच तुझा भाऊ बोलला. मी "येते" म्हणाले, फोन ठेवला, आणि तुला खरं सांगते, मला रडू आलं नाही. पहिली गोष्ट मनात आली ती ही, की आता हिच्या पुढे जायचं राहूनच गेलं. धावता धावता पुढचा माणूस रस्ता सोडून निघून जावा आणि आपण हरलो की जिंकलो हे सांगायला कोणी उरू नये, तसं झालं. मी मुलांना म्हटलं, फेज आणि न्यूट्रल तपासून घ्या, आणि भंडाऱ्याच्या स्टँडवर येऊन पवनीची गाडी धरली. अड्याळ गेल्यावर कुठेतरी रडू आलं. तेही खिडकीकडे तोंड करून.

तुझ्याबद्दल पेपरात येईल. जन्म, शिक्षण, नोकरी, उपग्रह किती, सत्कार कुठे. ते लिहायला लोक आहेत. मी तुझा हेवा केला, वीसेक वर्षं, एकही दिवस खाडा न करता. ते काम माझ्याइतकं मन लावून दुसऱ्या कोणी केलं नाही, म्हणून हे मीच लिहायला पाहिजे.

तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात आपण दोघीच मुली होतो. मी पवनीची, मास्तरांची मुलगी. तू नदीकाठच्या त्या गावाची, जे धरणाच्या पाण्यात जाणार हे तू पाळण्यात असतानाच ठरलं होतं. होस्टेलची एकच खोली, एकच सोल्डरिंग आयर्न, आणि नेटवर्क थिअरीचं एकच पुस्तक, तेही ग्रंथालयाचं. मी पहिली यायचे, तू दुसरी. तीन वर्षांत हा क्रम एकदाही बदलला नाही. तरी सर भिंग घेऊन यायचे ते तुझ्या टेबलाकडे. माझा सर्किट बोर्ड अर्ध्या तासात तयार असायचा, चालायचा, मार्क मिळायचे. तू दोन तास घ्यायचीस. एकदा तू चांगला लागलेला जोड पुन्हा तापवून काढत होतीस.

"काहून काढून राहिली व? चांगला त हाये," मी म्हटलं.

"वरतून चांगला हाये," तू म्हणालीस, मान वर न करता.

मला तेव्हा राग आला होता. तुझा नाही, त्या जोडाचा. माझे जोड वरतून चांगले होते, आणि मी ते कधी काढून बघितले नव्हते.

मग शेवटच्या वर्षी नागपूरला ती मुलाखत झाली. बंगळुरूची कंपनी, उपग्रहांना वीज देणारी सोलर पॅनेलं बनवणारी. त्यांना हाताने काम करणारी माणसं हवी होती. आपल्याला त्या आधी एवढंच माहीत होतं की उपग्रहाला पंख असतात. ते पंख म्हणजे पॅनेल, आणि ते कोणीतरी टेबलावर बसून एकेक सेल चिकटवून करतं, हे त्या दिवशी कळलं. लेखी परीक्षेत मी पहिली. हे मी तुला किती वेळा ऐकवलं असेल! पण दुपारी त्यांनी प्रत्येकाच्या पुढे एक ट्रे ठेवला. त्यात काचेचे दहा तुकडे, वहीच्या पानासारखे पातळ. ही काच सेलच्या वर बसते, वरच्या किरणांपासून त्याला वाचवते, असं त्या साहेबांनी सांगितलं. हवा ओढून वस्तू उचलणारी एक पेनासारखी नळी दिली. या ट्रेमधली काच त्या ट्रेमध्ये, खुणेवर बरोबर बसवायची. वेळ पंधरा मिनिटं.

मी बारा मिनिटांत दहा ठेवल्या. नवव्या काचेच्या कोपऱ्याला कट्ट असा बारीक आवाज आला होता. मी तो कोपरा खुणेच्या काळ्या रेघेवर येईल अशी काच फिरवून ठेवली. दिसलं नसतं. पण त्या साहेबांनी ट्रेखालून दिवा लावला आणि ती चीर केसासारखी चमकली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

तुझ्या सात झाल्या होत्या.

"दस क्यों नहीं हुए?" त्यांनी विचारलं.

"सात हुए सर. तीन बाकी हैं," तू म्हणालीस. जसं काही विचारणाऱ्याला मोजता येत नाही म्हणून तू मदत करत होतीस.

परत येताना एसटीत तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. मी भिवापूरपर्यंत जागी होते आणि मला तुझं डोकं जड लागत होतं.

आता पत्राचं. हे मला कागदावर लिहायचंच आहे, कारण तुझ्याशी बोलून झालं तरी माझं मन भरलेलं नाही.

तुमचं अर्धं गाव तेव्हा उठून नव्या जागी गेलं होतं, अर्धं जुन्याच घरात. पोस्टमन कधी या गावात, कधी त्या गावात, आणि पुष्कळदा कुठेच नाही. म्हणून तू अर्जावर आमच्या बाबूजींचा पत्ता दिला होतास. धानाच्या रोवण्याचे दिवस होते. तू घरी तुझ्या मायसोबत चिखलात होतीस, मी पवनीत. दुपारी पोस्टमन आला आणि लांब, जाड पाकीट दिलं. कंपनीचं नाव छापलेलं, खाली तुझं नाव टाइप केलेलं. माझ्या नावाचं आलं का म्हणून मी त्याची पिशवी जवळजवळ हिसकावली. नव्हतं. चार दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं, आभार मानणारं.

मी तुझं पाकीट तांदळाच्या कोठीमागे ठेवलं. फेकायचं नव्हतं मला, हे शपथेवर सांगते. फाडायचंही नव्हतं. फक्त ते आजचा दिवस इथे राहू दे, असं वाटलं. मग दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी जेवताना बाबूजींनी विचारलं, "वनितेचं पत्र पोचवलं का?" मी म्हटलं, "हो, देलं." बाबूजींशी मी आयुष्यात बोललेलं ते पहिलं खोटं नव्हतं, पण घास तोंडातच राहिला असं ते एकच. सहाव्या दिवशी मी पाकीट खिडकीतल्या उन्हासमोर धरलं. आतला कागद दुहेरी घडीचा होता, तरी एक ओळ वाचता आली. रुजू होण्याची तारीख. मधे पाच दिवस राहिले होते.

मी सातव्या दिवशी सकाळी सायकल काढली. लोकांना वाटेल की मला पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप नव्हता. भीती होती. तारीख चुकली असती तर तू विचारलं असतंस, पत्र आलं कधी, आणि पाकिटावर पोस्टाचा शिक्का होता. मी पकडली गेले असते. एवढ्यासाठी मी दहा किलोमीटर चिखलातून सायकल हाणली. तू धानाच्या बांधीत उभी होतीस, हातात पऱ्हाच्या रोपांची पेंडी, गुडघ्यापर्यंत चिखल. मी बांधावरून पाकीट हलवलं आणि ओरडले, "वने, आलं व आलं!" तू चिखलातून पळत आलीस आणि मला मिठी मारून रडलीस. माझा ओढणी-ड्रेस चिखलाने भरला. मीही रडले. त्या रडण्यातलं किती कशाचं होतं हे मला आजही वेगळं करता येत नाही.

तू गेलीस. मी आयटीआयमध्ये लागले, लग्न झालं, भंडाऱ्याला आले. नवरा भांड्यांच्या दुकानात, मी वर्कशॉपमध्ये. वाईट काही झालं नाही. हे मी पुन्हा सांगते, कारण लोकांना वाटतं, हेवा करणारीचं आयुष्य फाटकंच असणार. माझं चांगलं होतं. फक्त तुझा फोन आला की ते एकदम लहान व्हायचं.

फोनवर तू पंधरा दिवसांनी एकदा सांगायचीस. की पॅनेलचा पाया म्हणजे वर-खाली काळ्या कार्बनचे पातळ पत्रे, मध्ये ॲल्युमिनियमची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. इतका हलका की दाराएवढा पत्रा एका हाताने उचलावा. की चिकटवायच्या डिंकात हवेचा एक बुडबुडा राहिला तर वर गेल्यावर तो फुगतो आणि सेल उचलतो. की टोपी, मास्क, हातमोजे घालून काम करायचं, आणि शिंक आली तर आधी टेबलापासून दूर पळायचं. की उपग्रह दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतो, त्यात अर्धा-पाऊण तास तो सावलीत असतो. उन्हात पॅनेल उकळत्या पाण्याइतकं तापतं आणि सावलीत गेलं की बर्फाच्या कितीतरी खाली जातं. हे दिवसाला पंधरा वेळा, वर्षानुवर्षं.

मी "हं, हं" म्हणायची. मध्येच म्हणायची, "ठेवते, दूध उतू जाऊन राहिलं." वने, गॅसवर दूध कधीच नसायचं.

पण फोन ठेवल्यावर मी ते सगळं वहीत लिहून काढायची. तुला हे माहीत नव्हतं. सेल एकमेकांना कसे जोडतात, चांदीच्या पातळ पट्टीला मध्ये बाक का देतात, एका सेलवर सावली पडली तर बाकीची रांग बंद पडू नये म्हणून काय करतात. तू काम करता करता डिग्री घेतलीस, कामाच्या टेबलावरून उठून डिझाइनच्या खोलीत गेलीस, किती सेल, किती रांगा, तार कुठून जाणार हे ठरवू लागलीस. आणि मी इकडे तुझ्या मागे मागे, एका वहीत, कोणाला न सांगता, तेच शिकत होते. माझ्या घरात त्याचा उपयोग काही नव्हता. पण तुला माहीत आहे आणि मला नाही, असं काहीच राहू नये, अशी जिद्द होती.

आपलं ते भांडण अर्धंच राहिलं. तू तुमच्या नव्या गावी आली होतीस, मी मुलांना घेऊन शेजारच्या शिवारात सोलर पंप दुरुस्त करायला आले होते. कबुतरांनी घाण केलेलं पॅनेल आम्ही ओल्या फडक्याने पुसत होतो. तू बांधावर येऊन उभी राहिलीस. मला ती वेळ सहन झाली नाही.

"पाह्य," मी म्हटलं, "हे बी पॅनेलच हाये. यानं धानाले पाणी भेटते. तुझ्या पॅनेलनं कोणाच्या बांधीले पाणी भेटलं, सांग बरं."

"पाणी नाही भेटत. पण पाणी येऊन राहिलं का नाही, ते समजते," तू म्हणालीस. "वादळ कोठं हाये ते उपग्रह पाहाते ना व."

"पाहाते! आन इथं मान्सून येते त आपल्या मनानं येते."

"मंग तू सांग, कोणाचं काम मोठं?"

"मी मोठं-लहान म्हटलंच नाही."

"तू तेच म्हणून राहिली, कुंदे. तू कवापासून तेच म्हणून राहिली."

माझी मुलं फडकी हातात धरून ऐकत होती. मी विषय बदलला. मला उत्तर सुचलं ते चार दिवसांनी, आणि तेव्हा तू बंगळुरूला होतीस. नंतर ते उत्तर मी विसरले, फक्त ते चांगलं होतं एवढं आठवतं.

आणि त्याच वर्षी तुला आम्ही आयटीआयमध्ये बोलावलं. बोलावलं प्राचार्यांनी, पत्र लिहायला मला लावलं. वर्कशॉप भरून गेलं. मुली पहिल्या रांगेत. तू खडू घेऊन फळ्यावर पॅनेल काढलंस, आणि माझ्या मुली, ज्यांना मी तीन-तीन वेळा ओहमचा नियम शिकवते, त्या डोळ्याची पापणी न हलवता तुझ्याकडे पाहत होत्या. एक तर मला म्हणाली, "मॅडम, या तुमच्यासंग शिकल्या? खरंच?" त्या "खरंच"ची सल अजून आहे.

तू बोलता बोलता म्हणालीस की सेल तापला की व्होल्टेज वाढतं. मी मागून हात वर केला. सगळ्यांच्या समोर म्हटलं, "तापला की कमी होतं. सावलीतून थंडगार बाहेर आला की वाढतं." तू फळ्यावरचं पुसलंस आणि म्हणालीस, "बरोबर. मी उलटं बोलली. हे कुंदानं पकडलं. आमच्या वर्गात हिचा पहिला नंबर राहे, मी दुसरी." मुलींनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. मला वाटलं, जमिनीत जावं. तू चिडली असतीस तर मला किती बरं वाटलं असतं!

तुझी एक गोष्ट मात्र मी कोणाला कधी सांगितली नाही, कारण सांगितली असती तर तुझं कौतुक झालं असतं. तू अजून टेबलावर सेल लावत होतीस, तेव्हाची. पॅनेल तयार झालं होतं, सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, पेटी बांधायची बाकी होती. पॅनेलमध्ये बाहेरून वीज सोडली की सेल अंधुक चमकतात. डोळ्याला दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसतात, आणि चीर असली तर तिथे काळी रेघ येते. ते फोटो दोघांनी बघून सह्या केल्या होत्या. तू जेवणाच्या सुट्टीत पुन्हा बघायला बसलीस. एका सेलच्या कडेला तुला नखाच्या कोरेएवढी रेघ दिसली. साहेब म्हणाले, फोटोतला डाग आहे. तू म्हणालीस, पुन्हा फोटो काढा. पुन्हा काढला, रेघ होतीच. मग तू म्हणालीस, तो सेल मीच माझ्या हाताने लावला होता.

"कायले सांगितलं?" मी फोनवर विचारलं. "कोण पाहाले बसलं होतं कोणाच्या हातानं लागला?"

"मले मालूम होतं ना," तू म्हणालीस.

पॅनेल उघडलं, सेल काढायला दोन दिवस लागले, शेजारचा सेल न दुखवता तो काढणं म्हणजे काय ते तू मला अर्धा तास सांगितलंस. साहेब तुझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. आणि मी फोन कानाला धरून उभी होते, माझ्या घरात, दुपारच्या वेळी. मला दिसत होता ट्रेखालचा दिवा.

मग तुझं आजारपण. बंगळुरूचे इलाज संपल्यावर तू मायकडे आलीस. मी दर रविवारी यायची. तुला वाटलं असेल, मैत्रीण म्हणून. मैत्रीण म्हणूनच. पण आत हेही होतं, की आता तरी ही थकलेली दिसेल, चिडेल, रडेल, माझ्यासारखी होईल. तू केस गेलेल्या डोक्याला मायचा जुना पदर बांधून ओट्यावर बसायचीस आणि फोनवर कोण्या पोरीला सांगायचीस, "घाई नको करजो. डिंक बसू दे. उद्या पाह्य." फोन ठेवलास की दम लागायचा. मायने दिलेली पेज दोन घोट प्यायचीस. मरणाच्या दारातही तुझं काम संपलेलं नव्हतं, आणि माझं रोज पाच वाजता संपत होतं.

त्यातल्या एका रविवारी मी बोलले. माय विहिरीवर गेली होती. मी तुझ्याकडे न बघता, चटईची काडी काढत म्हटलं, "वने, तुझं कंपनीचं पत्र. ते सहा दिवस माझ्यापाशी होतं. मी लपवलं होतं."

"मले मालूम हाये," तू म्हणालीस.

मी वर पाहिलं.

"पोस्टमन मले बाजारात भेटला होता. ज्या दिवशी देलं त्याच दिवशी. म्हणे, मास्तरायच्या घरी तुमचं मोठं पाकीट देऊन आलो."

"मंग आली काहून नाही?"

"आली होती. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली. मंग वाटलं, कुंदा आणून देईन. तिच्या हातानं भेटू दे."

"आन मी नसतं देलं त?"

तू हसलीस. खोकला आला, मी पाणी दिलं. "त मागाले आलीच असती व. नोकरी का सोडणार होती मी? आठव्या दिवशी आली असती. मायले सांगूनबी ठेवलं होतं."

"सहा दिवस काय केलं तू?"

"शिव्या देल्या तुले. रोवता रोवता. एक एक पऱ्हा लावो आन एक एक शिवी देओ. अख्खी बांधी तुझ्या नावानं रोवली." तू डोळे मिटून पडलीस. तशीच पडून म्हणालीस, "मंग तू सायकलीवर आली. मी रडली ना, ते नोकरीचं नव्हतं."

मला राग आला, वने. मरायला टेकलेल्या माणसावर येऊ नये तसा. "मंग इतके वर्ष बोलली काहून नाही? मी ते घेऊन फिरून राहिली, आन तू..."

"तू बोलशील म्हणून वाट पाहून राहिली होती," तू म्हणालीस. "तुले भल्ला उशीर लागते, कुंदे."

इथेही तूच जिंकलीस. मी जे वीस वर्षं उरावर वागवलं, ते तू त्याच हंगामात बांधीत रोवून मोकळी झाली होतीस. मला माफी हवी होती, पण ती मी मागून, तू देऊन, अशी रीतसर हवी होती. तुझ्याकडे ती आधीच पडून होती, जुनी झालेली. मी त्या दिवशी एसटीत बसून तुझा जेवढा हेवा केला तेवढा तुझ्या एकाही उपग्रहाचा केला नाही. त्याच वेळी मला हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटतं म्हणून पुन्हा राग येत होता. नंतरचे तीन रविवार आपण याबद्दल बोललो नाही. तू मला भोपळ्याची भाजी कशी करायची ते विचारलंस, जी तुला खाता येत नव्हती. "बरं झालं तू पत्र दिलंस," एवढं तू म्हणावंस असं मला वाटत होतं. "बरं झालं तू वाट पाहिलीस," एवढं मी म्हणायला पाहिजे होतं. दोन्ही राहिलं.

तेरवीला कंपनीतली माणसं आली होती. एक तरुण मुलगी मायच्या पायाशी बसून इतकी रडली की बायांना तिला उठवावं लागलं. तिला मी ओळखत नव्हते. ती तुझ्यासोबत नऊ-नऊ तास बसलेली, तुझ्या हाताखाली शिकलेली. मी ताटं वाढत होते आणि मला तिच्या रडण्याचाही हेवा वाटला. मी तुझी होस्टेलपासूनची, आणि तुझी रोजची माणसं ही.

मला वाटलं, लिहायचं ते इथे संपलं. पण काल मी मायला भेटायला गेले. दुपार होती. सुरेश शेतावर होता. माय ओट्यावर धान पाखडत होती. मला बसायला सांगितलं, सूप बाजूला ठेवलं, आणि म्हणाली, "कुंदा, एक इचारू? हसशील त नाही?"

"इचार ना, माय."

"वनी काय करे व? सारे सांगतेत, मोठं काम करे, देशाचं काम करे. सरपंच बी बोलला. पण काय करे ते कोणी सांगत नाही."

"तिनं कधी सांगितलं नाही?"

"सांगे. भल्ली सांगे. मी हो हो म्हणो. मले समजेच नाही, आन नाही समजलं म्हटलं त तिले वाईट वाटन, म्हणून हो म्हणो." मायने पदराने नाक पुसलं. "आता कोणाले इचारू?"

मी चुलीजवळचा कोळसा घेतला आणि ओट्याच्या सिमेंटवर पॅनेल काढलं. आधी पाया. मग त्यावर घरं, एकाला लागून एक. माय खाली वाकून बघत होती. ती विचारत होती, आणि वने, काय नेमकं विचारत होती! वर रात होते का? बिघडलं त दुरुस्तीले कोण जाते? मी म्हटलं, "कोणीच जात नाही, माय. एकदा गेलं की गेलं. म्हणून इथंच सारं पक्कं करावं लागते. एक बारीक चीर चालत नाही." माय म्हणाली, "म्हणून वनी फोनवर घाई नको करजो म्हणे का?" मी म्हटलं, "हो, म्हणूनच."

मी सांगत सुटले. वहीतलं एकेक पान मला तोंडपाठ होतं. ऊन-सावली, डिंक, बुडबुडे, काच. आयटीआयमध्ये मी असं कधी शिकवलं नाही. दोन सेलांच्या मध्ये मी कोळशाने एक वाकडी रेघ काढली आणि म्हणाले, "आन इथं आम्ही चांदीची पट्टी सरळ नाही लावत, बाक देतो तिले."

माय थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत एकदम आनंद आला तिच्या. "आम्ही? तू बी होती का व तिच्यासंग तिथं?"

अंगणात कोणी नव्हतं. माय कोणाला विचारायला जाणार नव्हती. तुझी एक सोबतीण होती, तू परमुलखात एकटी नव्हतीस, हे ऐकून तिला बरंच वाटलं असतं. हो म्हणायला मला एक श्वास पुरला असता, आणि तो मी घेतलाही होता.

"नाही, माय," मी म्हटलं. "मी नव्हती. हे सारं वनीनं केलं. तिच्या हातानं."

"हं," माय म्हणाली. तिने कोळशाच्या त्या वाकड्या रेघेवर बोट ठेवलं. "मंग सांग, बाक कायले देई वनी?"

मी सांगितलं. तापलं की पॅनेल पसरतं, थंड झालं की आक्रसतं, पट्टी सरळ असली तर तुटेल, बाक असला तर ओढ सोसेल. मग पुढचं सांगितलं, त्याच्या पुढचं सांगितलं, ऊन ओट्यावरून खाली उतरेपर्यंत. सांगताना माझ्या पोटात जळत होतं, वने. तरी तुझं एकही काम मी गाळलं नाही.